सायलेन्सरच्या नळीतलं वेळापत्रक

टोयोटाने २०१२ साली ‘८६’ नावाची एक छोटी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. सुबारूच्या साथीने घडवलेल्या या गाडीची सुबारू बीआरझेड ही जुळी बहीण. १९८० च्या दशकातल्या एई८६ कोरोलाच्या आठवणीने ठेवलेला हा आकडा गाडीत जागोजागी भेटतो. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८६ मिलिमीटर आणि मागच्या बंपरखालून डोकावणाऱ्या एक्झॉस्टच्या तोंडाचा व्यासही ८६ मिलिमीटर.

या गाडीच्या शौकिनांना मात्र वेगळेच दोन आकडे तोंडपाठ असतात: ३५०० आणि ४५००. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम, या दोन आकड्यांच्या दरम्यान असले की टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोराचा, आलेख चढायचं सोडून खाली बसतो. पुढे ६४०० च्या आसपास हेच इंजिन २०५ न्यूटन-मीटरचं शिखर गाठतं आणि ७००० वर २०० अश्वशक्ती देतं. पण वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबावा, तर नेमका तो खड्डा आडवा येतो.

हा खड्डा बुजवायला जपान-अमेरिकेतल्या ट्यूनिंगवाल्यांनी ज्याला हात घातला, तो भाग इंजिनाच्या आतला नव्हताच. धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची मांडणी त्यांनी बदलली, तिला साजेसं संगणकाचं ट्यूनिंग केलं आणि खड्डा बराचसा भरून निघाला. पिस्टन तेच, व्हॉल्व्ह तेच, पेट्रोलही तेच. जळलेला वायू कोणत्या वाटेने बाहेर पडतो, त्यावर इंजिनाचा पुढचा श्वास किती खोल जाणार हे ठरत होतं!

एक्झॉस्ट म्हणजे नुसती धूर घालवायची वाट, ती जितकी मोकळी तितकी बरी, असा आपला सर्वसाधारण समज. खरं तर ती वेळ मोजणारी नळी आहे. आफ्टरमार्केट, म्हणजे मूळचा काढून बाहेरून आणून बसवायचा, एक्झॉस्ट निवडणं म्हणजे इंजिनाचं वेळापत्रक निवडणं, आणि ते कसं ते एकदा कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागच्या जागी बसतात.

वायू मागे, लाट पुढे

चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन अजून तळाला पोहोचायचा असतो, तेव्हाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागतो. त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. फट पडली रे पडली की वायू ध्वनीच्या वेगाने निसटतो. पिस्टन वर येऊन त्याला ढकलायला लागेपर्यंत बराचसा वायू स्वतःच्याच दाबाने पसार झालेला असतो.

या धडाक्यातून नळीत दोन प्रवास सुरू होतात. एक खुद्द वायूचा, आणि दुसरा दाबाच्या लाटेचा. दादर स्टेशनच्या पुलावर खच्चून गर्दी असताना मागून कुणी रेटा दिला, तर तो पुढच्या माणसाच्या पाठीत क्षणात बसतो. रेटा देणारा मात्र अजून मागेच असतो. व्हॉल्व्हच्या फटीतून सुटलेला वायू रुंद नळीत आला की मंदावतो, आणि लाट तशीच त्याला मागे टाकून धावते. तिचा वेग म्हणजे ध्वनीचा वेग, आणि तो तापमानाप्रमाणे बदलतो. २० अंश सेल्सिअसच्या हवेत तो सेकंदाला ३४३ मीटर असतो. ६०० अंशांच्या वायूत तोच ५९० च्या जवळ जातो.

खरी गंमत पुढे आहे. नळी जिथे एकदम रुंद होते, दुसऱ्या नळ्यांना मिळते किंवा उघड्या हवेत संपते, तिथून या लाटेचा एक हिस्सा माघारी वळतो. वळताना तो उलटा होतो. जाताना जास्त दाबाची असलेली लाट येताना कमी दाबाची होऊन येते. समोर भिंत नाही, उघडं तोंड आहे, तरीही लाट परत फिरते!

आता ही कमी दाबाची लाट व्हॉल्व्हपाशी कधी पोहोचते, याला महत्त्व आहे. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि इनटेकचा उघडू लागलेला, अशी दोन्ही किंचित उघडी असण्याची एक छोटीशी वेळ असते. तिला ओव्हरलॅप म्हणतात. लाट तेव्हा पोहोचली, तर ती सिलिंडरच्या कोपऱ्यात रेंगाळलेला जळका वायू ओढून काढतेच, शिवाय त्याच्या पाठोपाठ ताजी हवाही आत खेचते. पिस्टन अजून खाली जायला लागलेला नसतो आणि सिलिंडर भरायला सुरुवात झालेली असते. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. हे काम करायला ना पंप लागतो, ना पंखा. लागते ती फक्त योग्य लांबीची नळी.

मीटरभर नळीचा हिशेब

लाटेचा वेग सेकंदाला ५५० मीटर धरू. मीटरभर नळीतून जाऊन परत यायला तिला सुमारे ३.६ मिलिसेकंद लागतात. ६००० आरपीएमवर क्रँकशाफ्टचा एक फेरा १० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे लाट जाऊन परत येईपर्यंत क्रँकशाफ्ट एका फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरतो. ३००० वर त्याच वेळात तो त्याच्या निम्माच फिरतो. इंजिन हळू चाललंय की जोरात, याच्याशी लाटेला देणंघेणं नाही. ती आपल्या चालीने जाते आणि येते. म्हणून कोणतीही ठरावीक लांबी आरपीएमच्या एका पट्ट्यातच इंजिनाशी जुळते. त्या पट्ट्याबाहेर लाट लवकर येते किंवा उशिरा. कधी तर ओव्हरलॅपच्या नेमक्या वेळी जास्त दाबाची लाट येऊन थडकते आणि जळका वायू परत आत लोटते. ८६ च्या खड्ड्यामागे इनटेकची लांबी, व्हॉल्व्हच्या वेळा आणि एक्झॉस्टच्या लाटा, या तिघांचाही हात आहे.

सिलिंडरना लागून असलेल्या नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनात त्याच्या दोन मुख्य जाती. ‘चार-दोन-एक’मध्ये ज्या दोन सिलिंडरच्या पाळ्यांत पूर्ण फेऱ्याचं अंतर असतं, त्यांची आधी जोडी लागते, मग दोन जोड्यांची एक नळी होते. संगम दोन ठिकाणी, त्यामुळे लाटाही दोन ठिकाणांहून परततात, आणि फायदा मधल्या आरपीएमच्या रुंद पट्ट्यात वाटला जातो. ‘चार-एक’मध्ये चारही नळ्या एकाच जागी भेटतात. परतणारी लाट जोरकस असते, पण तिचा फायदा वरच्या आरपीएमच्या अरुंद पट्ट्यात एकवटतो. ढोबळ नियम असा: लांब आणि बारीक नळी खालच्या आरपीएमला साथ देते, आखूड आणि जाड नळी वरच्या.

८६ चं इंजिन बॉक्सर जातीचं, म्हणजे आडवं झोपलेलं. त्यात एका जोडीतले दोन भिडू इंजिनाच्या विरुद्ध बाजूंना असतात, त्यामुळे नळ्यांना इंजिनाखालून एकमेकींकडे वळत यावं लागतं. त्या वळणावळणांत मिलिमीटरचा हिशेब ठेवणं हे हेडर घडवणाऱ्याचं कसब. पुढे टोयोटानेही २०१७ च्या सुधारित गाडीत इनटेक आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, म्हणजे नळ्यांची जुडगी, बदलले. २०२१ मध्ये आलेल्या जीआर८६ ला मोठं, २.४ लिटरचं इंजिन मिळालं आणि तिचा २५० न्यूटन-मीटरचा टॉर्क ३७०० आरपीएमलाच शिखरावर पोहोचला. म्हणजे पूर्वी जिथे खड्डा होता, बरोबर तिथे!

जाड म्हणजे चांगली?

‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. कुणीतरी छोट्या इंजिनाला भलीजाड नळी लावली, खालच्या आरपीएमची ओढ गेली, आणि निष्कर्ष निघाला की अडथळा काढल्यामुळे नुकसान झालं. अडथळ्याची गरज कोणत्याच इंजिनाला नसते. तिथे हरवला तो वायूचा वेग. नळी ६० मिलिमीटरवरून ७६ वर नेली की आतली जागा १.६ पट होते आणि वेग त्याच प्रमाणात पडतो. वेगाने जाणारा वायू आपल्या मागे ओढ ठेवून जातो, रेंगाळणारा नाही. दोन लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला म्हणूनच ६० ते ६५ मिलिमीटरची नळी सहसा मानवते.

टर्बोच्या गाडीचा न्याय निराळा. तिथे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं टर्बाइन वाटेतच उभं असतं आणि लाटांचा जोर तिथेच मोडतो. त्यापुढची नळी मोकळी असेल तितकी टर्बाइनला बरी. मित्राच्या टर्बो गाडीला लाभलेली तीन इंची नळी आपल्या साध्या इंजिनाला लाभत नाही, त्याचं कारण हेच.

आवाज कुठून येतो

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके पडतात. ६००० आरपीएमवर सेकंदाला २०० ठोके, म्हणून २०० हर्ट्झचा मूळ स्वर. नळ्या सारख्या लांबीच्या असतील, तर ठोके समान अंतराने येतात आणि स्वर गुळगुळीत लागतो. जुन्या सुबारूंमध्ये एका बाजूच्या नळीला इंजिनाखालून पलीकडे जावं लागे. ती लांब पडे आणि तिचे ठोके उशिरा पोहोचत. त्या विषम तालातून सुबारूची प्रसिद्ध गडगड जन्मली. ८६ च्या मूळ नळ्या बऱ्याचशा समान असल्याने ती गडगड गेली, आणि आता ती परत मिळावी म्हणून मुद्दाम असमान लांबीचे हेडर विकले जातात! टोयोटाने तर इनटेकपासून केबिनपर्यंत एक नळी टाकून इंजिनाचा आवाज चालकाच्या कानाशी आणायची सोय मुळातच केली होती.

सायलेन्सरही दोन तऱ्हांचे. एकात कप्पे असतात. लाटा त्यांत उलटसुलट फिरून एकमेकींना मारतात. दुसऱ्यात भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचेच्या किंवा स्टीलच्या तंतूंचं वेष्टन असतं. लाटेची ऊर्जा त्या तंतूंत शिरून उष्णता होऊन जाते. सरळ नळीत वायूला अडथळा कमी, पण खालच्या सुरांना ती पुरेशी दाबत नाही. मग हायवेवर ताशी शंभरने जाताना केबिनमध्ये कानात बसणारी घुमघुम सुरू होते. तिला ड्रोन म्हणतात. ३००० आरपीएमला मूळ स्वर १०० हर्ट्झचा असतो, आणि नेमका तोच सूर गाडीचं बंद केबिन उचलून धरू शकतं.

यावरचा उपाय देखणा आहे. मुख्य नळीला एक बंद टोकाची आंधळी नळी जोडायची. साडेतीनशे अंशांच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर, म्हणजे १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी ५ मीटर. तिच्या चौथाई लांबीची, सव्वा मीटरची नळी लावली, की आत गेलेली लाट बरोबर अर्ध्या आवर्तनाने मागे पडून परत येते आणि मुख्य नळीतल्या त्याच सुराला पुसून टाकते. चांगल्या कंपनीच्या एक्झॉस्टखाली वाकून पाहिलं आणि कुठेही न जाणारी नळी दिसली, तर ती चूक समजू नये. तिथे वेळेचंच गणित मांडलेलं असतं.

आवाजाबद्दलची सर्वांत चक्रावणारी गोष्ट तर पुढेच आहे. नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर १०० डेसिबल भरले, तर सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारी ध्वनीची शक्ती किती? वॉटचा साधारण तीन शतांश हिस्सा. ८६ चं इंजिन पूर्ण जोरात सुमारे १ लाख ४७ हजार वॉट देतं. गल्लीभर लोकांची झोप उडवणारा आवाज त्या शक्तीच्या हिशेबात औषधालाही सापडत नाही. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, ही समजूत कानांची आहे. इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्राच्या आलेखात तिला जागा नाही.

जे काढायचं नसतं

इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो. मधाच्या पोळ्यासारख्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा अतिपातळ लेप, आणि त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचं निरुपद्रवी वायूंत रूपांतर. तापला की तो यांतली ९० टक्क्यांहून जास्त घाण संपवतो. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल आलं, ते याच्यासाठीच. शिसं त्या लेपाचं विष आहे.

पहिल्या पिढीच्या ८६ मध्ये पहिला कन्व्हर्टर हेडरमध्येच आहे आणि दुसरा त्यापुढच्या नळीत. ‘कॅटलेस’ हेडर लावून मिळालेली ताकद म्हणजे मागून चालणाऱ्यांच्या फुप्फुसांवर काढलेलं कर्ज. शिवाय कन्व्हर्टरनंतरचा ऑक्सिजन सेन्सर ही चोरी पकडतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलणाऱ्या ‘कॅट-बॅक’ संचाला ही अडचण नाही. त्यातून साध्या इंजिनाला मोजकीच अश्वशक्ती मिळते. आवाजाचा पोत बदलतो आणि वजन घटतं, हे त्याचे खरे फायदे.

धातू आणि पाना

स्वस्त नळ्या ४०९ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांना लोहचुंबक चिकटतं आणि वरून तांबूस गंज चढतो. निकेल जास्त असलेल्या ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून खिशातला छोटा चुंबक दुकानात कामाला येतो. टायटॅनियमची घनता पोलादाच्या जेमतेम ५७ टक्के. तापल्यावर त्यावर उमटणारे निळे-जांभळे पट्टे हा रंग नसतो. पृष्ठभागावर नॅनोमीटरांत मोजावा असा ऑक्साइडचा थर चढतो आणि त्याच्या दोन बाजूंवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दाखवतो. लाटांचा खेळ इथेही सुटत नाही!

बसवताना उष्णतेचा हिशेब चुकवून चालत नाही. दोन मीटरची ३०४ ची नळी ४०० अंशांनी तापली की सुमारे १४ मिलिमीटरने लांबते. म्हणून तर एक्झॉस्ट रबरांवर टांगलेला असतो. थंड गाडीत बंपरला टेकलेलं तोंड गरम गाडीत बंपर जाळतं.

काम नेहमी थंड गाडीवर, आणि गाडी नुसत्या जॅकवर नव्हे तर पक्क्या स्टँडवर. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच तेल मारून ठेवलं की स्टड तुटत नाहीत. रबरं साबणाच्या पाण्याने सहज निघतात. जुनी पॅकिंग परत वापरू नयेत. नवा संच पुढून मागे लावत जायचा, सगळे बोल्ट हाताने सैलच ठेवायचे, नळीचं तोंड बंपरच्या मधोमध आणायचं आणि मगच पुढून मागे आवळत जायचं. गाडी एकदा गरम होऊन थंड झाली की सगळे जोड पुन्हा तपासायचे.

सेन्सरच्या आधीचा जोड सैल राहिला तर फक्त फटफट ऐकू येते असं नाही. कमी दाबाची लाट त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो ते वाढवतो. धूर बाहेर नेणाऱ्या नळीतून हवा आत येते हे खरं वाटत नाही, पण नळीतला दाब क्षणोक्षणी वरखाली होत असतो, म्हणून ते घडतं.

कायद्याची पट्टी

कॅलिफोर्नियात अशा गाड्यांच्या एक्झॉस्टला ९५ डेसिबलची मर्यादा आहे, तर युरोपात बदली सायलेन्सरवर मंजुरीची ‘ई’ खूण लागते. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत नव्या गाड्यांच्या धुराच्या आणि आवाजाच्या चाचण्या होतात. तिथे मंजूर झालेल्या रूपात नंतर मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं; आवाजाची किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९० खाली पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रं आपण पाहतोच. हा शौक ज्यांना पुरवायचा आहे, त्यांच्यासाठी चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टैचा शर्यतीचा ट्रॅक किंवा कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आहे.

दुकानात गेल्यावर ‘आवाज कसा येतो?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. माझं इंजिन जास्त वेळ कोणत्या आरपीएमला असतं? या संचाचा डायनो आलेख त्या पट्ट्यात मूळच्या वर आहे की खाली? कन्व्हर्टर जागेवर राहतो का? शिखरावरची अश्वशक्ती जाहिरातीत छापतात, पण त्या शिखरावर गाडी सेकंदभर असते. बाकीचा सगळा वेळ मधल्या आलेखात जातो. विक्रेत्याने आलेख न दाखवता फक्त व्हिडिओ ऐकवला, तर पैसे खिशातच ठेवावेत.